शेपूट

आवेइरूच्या प्रयोगशाळेत, मिठागरांकडे उघडणाऱ्या खिडकीशी,
मी पाच वर्षं पाकिटं मोजली.
पत्रांची नव्हेत. तारेतून धावणारी, सेकंदाला हजारोंनी.
कोण कुणाला काय पाठवतं ते मला दिसत नसे.
दिसे फक्त वेळ आणि वजन,
पोस्टमास्तरचे डोळे बांधून हाती तराजू द्यावा तसं.

आईचं काम वेगळं होतं. फायाल बेटावर,
ओर्ताच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
ती एकवीस वर्षं बसली, दोऱ्या खुपसत, दोऱ्या उपसत.
एक माणूस कधी फोन करील, देव जाणे;
सगळं गाव किती करील, ते देओलिंदा जाणे.
सकाळी दहाला चाळीस, मचवे लागले की साठ.
थेंबे थेंबे तळे साचे,
आणि साचलेलं तळं संथ असतं.
पुस्तकातली सूत्रंही हेच म्हणत होती.

मीही तेच धरून बसले होते.
सेकंदाच्या शंभराव्या भागाचे आकडे घ्यायचे,
दहा-दहांचा एक करायचा, पुन्हा दहांचा एक, पुन्हा,
खडबड मोडत जाईल, रेघ सपाट होईल.
झाली नाही.
सेकंदाला उंचवटे, मिनिटाला तेच उंचवटे,
तासाच्या आलेखाला तीच दातेरी कड.
खालचं माप कापून कागद भिंतीवर लावले
तर आमच्या इझिद्रूला ओळखता येईना
कुठला कागद कुठल्या वेळेचा.
"यंत्र बिघडलंय," तो म्हणाला.
यंत्र बदललं.
दातेरी कड तीच.

मग कारण सापडलं, उजवीकडच्या कोपऱ्यात.
बहुतेक फायली चिमूटभर.
पण मधेच एखादी अशी येते
की आधीच्या लाखभर तिच्या सावलीत मावतात,
आणि तुमची सरासरी घेऊन निघून जाते.
आलेखाला शेपूट असतं, कागद संपला तरी न संपणारं.
शेपटाचा नियम उलटा आहे:
जे तासभर चाललंय ते आणखी तासभर चालेल,
जे दिवसभर, ते आणखी दिवसभर.
थांबण्यानं थांबणं कमी होत नाही,
वाढतं.
बोलण्याला जे लागू, ते दोन बोलण्यांमधल्या गप्पपणालाही.

ऑगस्टमध्ये घरी गेले. आईला कागद दाखवला.
तिनं चष्मा लावला, काढला, बोटानं कड चाचपली.
"आणि गप्प बसणारे? ते कुठे आहेत यात?"
मी रिकाम्या जागा दाखवल्या.

एर्मिनियु मामा अठ्ठावन्न साली अमेरिकेला गेला,
ज्वालामुखीची राख शेतावर गुडघाभर साचली तेव्हा.
फॉल रिव्हरहून दोन पत्रं आली. साठच्या मार्चनंतर काही नाही.
अमेरिकेचा फोन आला की आई दोरी जरा उशिरा खुपसायची,
आवाज नीट ऐकून.
आणि दर नाताळला म्हणायची,
"इतकी वर्षं झाली, आता येईलच."
मामाच्या वाटणीचं शेत तिनं तसंच ठेवलं होतं,
राख उपसलेलं, काही न लावलेलं.

नियम सांगू नये असं मी ठरवलं होतं.
पण तिनं विचारलं, आणि तिला मी कधी खोटा आकडा दिलेला नाही.
ती बराच वेळ मोजत बसली, बोटांच्या पेरांवर.
"अडतीस झाली. म्हणजे आणखी अडतीस."
"साधारण," मी म्हटलं. "खात्रीनं नाही."
"म्हणजे मी एकशे आठ वर्षांची."
ती हसली. मग उठून कोपऱ्यातली कुदळ घेतली.
"चल. बटाटे लावू त्याच्या वाटणीत."

संध्याकाळपर्यंत आम्ही वाफे काढले.
राखेखालची माती काळी आणि भुसभुशीत लागली.
कुंपणाकडच्या दोन ओळी तिनं मोकळ्या सोडल्या.
मी काही विचारलं नाही.
आम्हीही वाहिनी कधी पूर्ण भरत नाही,
न येणाऱ्या मोठ्यासाठी जागा राखतो.
किती राखायची,
यावर इझिद्रूचं आणि माझं अजून भांडण चालू आहे.