दुसरा रविवार, निपाणी

स्टँडसमोर, बॅटरीच्या दुकानावर
एक खोली आहे. भाडं नाही.
मालकाच्या सूनबाईला भूतकाळ नीट येईपर्यंत
ती आमची.

आम्ही पाच जण.
सहावा हुक्केरीहून येतो म्हणतो,
खरं अजून एकदाही आलेला नाही.

जिनदत्त चौगुले उद्यमबागेत शिकवतो,
फौंड्रीची रात्रपाळी सुटल्यावर, सकाळी साडेसहाला.
त्याच्या वहीतून वाळू पडते.
फिलोमिना डायस खानापूरची. तिच्याकडे दोन कुंभार,
रेल्वेचा एक गँगमन, आणि एक आजी,
जिला कॅनडातल्या विहिणीशी
एकदा तोंडावर बोलायचंय.
मौलाबी मुल्ला इथलीच, तंबाखूच्या वखारीमागची.
हिरेमठबाई चिकोडीच्या; मराठी बोलतात
तापल्या फरशीवर अनवाणी चालल्यासारखं,
मी त्यांच्याशी कन्नड बोलतो तसंच.
मी वडगावचा. माग थांबले की
माझा वर्ग सुरू होतो.

आपसात आम्ही इंग्रजी बोलत नाही.
लाज वाटते,
डॉक्टरला दुसऱ्या डॉक्टरसमोर शर्ट काढताना
वाटत असेल तशी.

मागं मी एक धडा केला होता, बँकेत पैसे भरायचा.
चार महिन्यांनी माझ्याकडेच परत आला,
झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स,
अक्षरं वाळत घातलेल्या संकेश्वरी मिरचीसारखी आक्रसलेली,
आणि कडेला पेन्सिलीनं चार हातांची अक्षरं:
इथं हसतात.
इथं सही करायला शिकवा आधी.
हे वाक्य आमच्यात कुणी म्हणणार नाही.
इथं एक बाई रडली, का ते विचारलं नाही.
मला वाटलं, धडा आता कुठं पुरा झाला.

आज मौलाबीनं पिशवीतून एक कागद काढला.
'बट' कसा शिकवता हो तुम्ही?
माझ्या बायका 'ट्रू' म्हणतात.
आय केम, ट्रू यू वॉज नॉट.

क्षणभर कुणालाच कळलं नाही.
मग चौगुलेनं कपाळावर हात मारला.
मी आले, खरं तू नव्हतीस.
हिरेमठबाई म्हणाल्या, कन्नडात खरे म्हणजे खरंच की!
पुण्याचं पुस्तक म्हणतं 'पण'.
तो शब्द आमच्या घरात
चप्पल न काढता दारातच उभा राहतो.

कागद शेवंता कांबळेचा होता.
वय अठ्ठेचाळीस, तीस वर्षं बिड्या वळलेली.
एकच ओळ, दोनदा गिरवलेली:
आय ॲम ओल्ड ट्रू आय कम.

मौलाबीनं लाल पेन उघडलं होतं,
आणि तसंच बंद केलं होतं.

चौगुले म्हणाला, कापा. मुलाखतीत कोण ऐकून घेतंय?
फिलोमिना म्हणाली, राहू दे रे,
ती कुठं जाणार आहे मुलाखतीला?
मौलाबी म्हणाली, जाणार आहे की.
मंगळवारी. बेळगावात, कॅम्पातल्या शाळेत,
आया म्हणून.

कागद टेबलावर तसाच राहिला.
फिलोमिनानं फोन काढला,
तिची मावसबहीण त्या शाळेत फी घेते.
चौगुलेनं खुर्ची फिरवली, मुख्याध्यापक झाला.
हिरेमठबाई शेवंता झाल्या,
पदर सावरला, आणि आत येऊ का
हे इतकं हळू विचारलं
की आम्ही पुन्हा विचारायला लावलं. तीनदा.
काय काय विचारतील ते मी लिहून घेतलं.
मौलाबी ते रात्री घेऊन जाणार.
'बट'चं काय करायचं, ते राहूनच गेलं.

साडेपाचला उठलो. जिन्यात एक माणूस भेटला,
घामानं भिजलेला, बगलेत शब्दकोश.
म्हणाला, मी हुक्केरीचा.
आलो.

आम्ही सगळे एकदम:
खरं?