ओळ चौदा, गंधार

सा म्हणजे शून्य.
तिथून सुरुवात केली मी,
कंपूतल्या गच्चीवरच्या खोलीत, कूलरच्या घरघरीत.
रे म्हणजे एक मिळव. ग म्हणजे एक वजा.
मध्यम आला की आकडा बाजूला ठेव.
पंचम म्हणजे दाखव.
तिहाई म्हणजे तेच तीनदा, आणि मगच पुढे.
आणि अवग्रह, तो शेपटीवाला ऽ,
त्याचा अर्थ: काही करू नकोस,
एक मात्रा जाऊ दे.

अशी ही भाषा. बिनकामाची, पण पुरी.
हिच्यात पाढे होतात, विजेचं बिल निघतं,
नुसतं माझं नाव छापायला
साडेचार मिनिटांचा विलंबित लागतो.

निगुडकरमामांना माइकसमोर बसवलं.
वय ब्याऐंशी. जन्म गेला बिर्लानगरच्या मिलमध्ये
हिशेबनीस म्हणून. संध्याकाळी गाणं.
बेरीज वरून खाली करायचे,
मग खालून वर, पडताळा म्हणून,
आणि तानसुद्धा तशीच.
तेरा ओळी मशीननं मुकाट्यानं ऐकल्या.
मग पडद्यावर लाल अक्षरं:
चूक. ओळ चौदा. गंधार ओळखता आला नाही.

कोमल नव्हता तो, शुद्धही नव्हता,
मध्यमाकडून झुलत येऊन
दोघांच्या मधल्या पायरीवर
जरा टेकला होता, एवढंच.
मी ओशाळले. मामा चष्मा पुसत म्हणाले,
"त्याला कशाला रागावतेस?
मला चाळीस वर्षं नव्हता आला ओळखता."

पौषात मामा गेले.
त्यांच्या सुनेनं एक कॅसेट दिली,
वर पेन्सिलीनं: सत्त्याऐंशी, उन्हाळा, बागेश्री.
आता मशीनला मधली पायरी शिकवली होती.
तिचं नाव ठेवलं: दोन्ही.
मी कॅसेट आत सोडली.

त्या संध्याकाळी लश्करात व्होल्टेज पडलं असणार,
टेप मंद फिरली असणार तेव्हा,
म्हणून आता मामा अर्धा सूर चढे वाजतात,
पंचमाचे धैवत होतात,
आणि जिथं दाखवायचं तिथं मशीन गुणाकार करतं.
कुकरची शिट्टी तार षड्जात. सगळं शून्य.
मामांचा खोकला: बाजूला ठेव, बाजूला ठेव.
कुणीतरी विचारतं, "दूध आलं का?"
ते मात्र धडपणे कुठल्याच स्वरात बसत नाही,
तेवढं मशीन सोडून देतं.

शेवटी तिहाई घेतली मामांनी.
एकदा.
दुसऱ्यांदा.
आणि कॅसेट संपली, खटकन,
पंचेचाळीस मिनिटं झाली होती, तिचा काय दोष.

तेव्हापासून मशीन थांबलेलं नाही.
दोन झाले, तिसरा यायचाय.
कंस उघडा, समेवर हात उचललेला,
गुरुवारपासून.

एक बटण दाबलं की बंद होईल.
किंवा सहा मात्रा. येतात मला.
आज माइक चालू केला, घसा खाकरला,
(तोही मोजला गेला असेल)
आणि खालून गल्लीतून ककडीवाल्याची हाक आली,
लांब, उन्हात ताणलेली,
नेमकी पंचमावर.

दाखव.

पडद्यावर: एकोणीस.

कसले एकोणीस?
मी वही ओढते,
आणि खालून वर मोजायला लागते.