नखाएवढं

टीव्हीखालचा संगणक हानुसने स्वतः जोडला,
बंदराच्या कचेरीतून भंगारात निघालेला.
पंखा घरघरतो, पण चित्र स्वच्छ येतं.
प्रश्न उरला तो एवढाच,
त्याला हुकूम कशाने सोडायचे.

हानुसला हवा होता कीबोर्ड.
सगळ्या बटणांचा, उजव्या कुशीला टचपॅडवाला.
"जहाजाला सुकाणू लागतं," म्हणाला,
"रिमोट म्हणजे काय, खेळण्यातली होडी."
मला हवा होता रिमोट. सात बटणं, बस.
माझे दोन्ही हात सुयांत गुंतलेले,
बोटांना मेंढीच्या लोकरीचं तेल,
आणि डिसेंबरात इथे तीनलाच अंधार.
त्या अंधारात शंभर बटणांतून
थांबवायचं एक शोधायचं,
म्हणजे धुक्यात मेंढ्या मोजायच्या.

क्लाक्सविकच्या दुकानात काउंटरवर सहा वस्तू मांडून घेतल्या.
ब्रांडुरचा धाकटा विकायला.
बघत होता, जणू आम्ही वासराचे दात तपासतोय.
मी डोळे मिटून एकेक हातात धरला.
एक इतका गुळगुळीत,
की उलटा की सुलटा तेच कळेना.
एक हवेत हलवायचा; पडद्यावरचा बाण
वाऱ्याने उडवलेल्या टोपीसारखा पळायचा.
एकाच्या पाठीवर इवलीशी अक्षरं;
हानुसचा अंगठा एका दमात चार दाबायचा.
तीस वर्षं जाळी ओढून रुंद झालेला अंगठा तो,
त्याला कोण काय बोलणार.

"आणि आमचं एद?" मी विचारलं.
फेरोईत जे लिहायचं असतं आणि उच्चारायचं नसतं,
ते अक्षर डॅनिश कीबोर्डवर कुठून असणार.
पोराने खणातून स्टिकर काढून दिला.
फुकट.

घेतला कीबोर्डच.
हानुस गुरुवारी निघणार होता,
आणि जाणाऱ्याशी कोण वाद घालतं.
तीन रात्री तो दोघांच्या मांड्यांवर आडवा,
जेवणाच्या तबकासारखा.
मी शिकले: सुईच्या बोथट टोकाने
स्पेसबार दाबायचा, टाका सुटू न देता.
मांजर चालून गेली की सिनेमा
आपोआप जर्मन बोलू लागायचा.

शुक्रवारी संध्याकाळी कीबोर्ड मेला.
सेल बदलले. फुंकर मारली. दोन चापट्या दिल्या.
शेजारची रानवा आली, संगणकामागे डोकं घालून म्हणाली,
"इथे काहीतरी होतं गं. भोक रिकामं आहे."

सहाव्या दिवशी बॅरेंट्समधून फोन.
आवाज येतो, जातो, पुन्हा येतो.
"मार्युन, कोटाच्या खिशात नखाएवढं काहीतरी आहे.
अंधारात वाटलं, फोटोंचा पेनड्राइव्ह."
मग म्हणाला, "त्यात फोटो नाहीत."
मी म्हटलं, "नसणारच."
हसलो. म्हणजे मी हसले,
त्याचं हसू पोचेपर्यंत लाइन कापली गेली.

तो तुकडा सुटा मिळत नाही, ब्रांडुरचा पोर म्हणाला.
म्हणून मी रिमोट घेतला. सात बटणं.
आंधळ्यालाही वापरता येईल असा.
हानुसला सांगितलेलं नाही.
आला की उशीच्या खोळीत जाईल.

पण रात्री सिनेमा संपला, की कीबोर्डच मांडीवर घेते.
कशालाच जोडलेला नाही.
पडद्यावर काही उमटत नाही.
लिहिते: सुकवणीच्या खोपटाची फळी निसटली, मीच ठोकली.
लिहिते: तुझ्या स्वेटरची डावी बाही
उजवीपेक्षा लांब झालीय, उसवणार नाही.
लिहिते: शेजाऱ्यांचा एडका पुन्हा आपल्या कुंपणात.

मला ठाऊक आहे,
तो तुकडा आठ-दहा पावलांपलीकडचं ऐकत नाही,
आणि खिशात तर त्याला वीजही नाही.
तरी शब्दात एद आला
की स्टिकरवर बोट जातं.
कडा उचकटलीय त्याची.
उद्या जरा गोंद लावीन.