दोन रकाने

कारखान्याची चिमणी गार पडली
की गळतग्याच्या माळावर टेम्पो पळतात.
हंगामभर ऊस ओढून पाटे बसलेले चारशेसात,
आता हौदा उतरवलेले,
काचांच्या जागी कोंबड्यांची जाळी,
दारं तारेनं आवळलेली,
आत ड्रायव्हर, कमरेला बैलाचा कासरा.

वाट अंड्यासारखी. कडेला अर्धे पुरलेले टायर, चुना मारलेले.
वीस फेऱ्या. निघायचं जिथनं, पोचायचं तिथंच.

माईक दोन. एकावर कुबेर मास्तर, मराठीत,
दुसऱ्यावर इराप्पा, कन्नडात,
मधे पाटी घेऊन मी.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
रेघेला भाषा नसते म्हणून तुला बसवलाय, कमिटी म्हणते.
खरं म्हणजे माझा आवाज घोगरा, माईकला चालत नाही.

सात गाड्या सुटल्या. चौथ्या फेरीला पाच.
सदलग्याची एक उताणी पडली,
तिची चाकं कितीतरी वेळ फिरत राहिली
कुठं जायचं राहून गेल्यागत.
ड्रायव्हर रांगत बाहेर आला,
आधी त्यानं डिझेलच्या टाकीचं टोपण चाचपलं,
मग स्वतःचं डोकं.

दहावीपासनं दोघंच.
आदगोंडाची निळी, केए तेवीस,
आणि भरमाची एमएच नऊ, नदीपल्याडची,
कपाळावर 'ऊस वाहतूक' अजून तसंच.
लिंबाच्या वळणाला धुरळा असा
की गाडी आत जायची आणि बाहेर नुसता आवाज यायचा.
मग मी आवाजच मोजू लागलो.
दस्तगीर मिस्त्रीनं आदगोंडाच्या सायलेन्सरला
दुधाच्या किटलीचा पत्रा ठोकलेला, तो रडायचा.
भरमाचा खोकायचा.
रडला, डाव्या रकान्यात रेघ.
खोकला, उजव्या.

'हदिनेंटु!' इराप्पा.
'अठरा!' मास्तर.
तेवढ्यात माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं.
कुसळ म्हणा, तंबाखूचा खकाणा म्हणा.
डोळा मिटला, कान उघडे.
रडला. रेघ.
पुन्हा रडला?
किटलीचा पत्रा तो,
का बायकांच्या बाजूला कुणाचं पोर,
का भोंग्याचीच शिट्टी?
हात पाटीवर होता. हातानं रेघ ओढली.

भरमाचं नाक पुढं होतं म्हणे, हातभर.
मास्तर ओरडले, 'वीस!'
इराप्पा म्हणाला, 'हत्तोंबत्तु.'
माळ गप्प.
मग सगळी तोंडं माझ्याकडं.
मी पाटी वर धरली.
डावीकडं चार जुड्या, पुऱ्या.

भरमानं ब्रेक मारला.
आदगोंडाला काही ऐकूच गेलं नव्हतं,
तो आणखी एक फेरी मारून आला, एकटाच, जीव तोडून,
आणि लोक टाळ्या वाजवत होते.

त्याला नवी बॅटरी मिळाली. हलगीवाल्यांनी ती खांद्यावर घेतली.
मी टेबलाशीच, एक डोळा गळतोय.
भरमा आला. वाटलं, आता गचांडी धरणार.
'वर बघ,' म्हणाला.
ग्रीस लागलेल्या बोटांनी पापणी उलटली,
उपरण्याचं टोक जिभेवर ओलं केलं,
फिरवलं, फुंकर मारली.
'निघालं बघ.'
बोटावर इतकंसं काळं, मला दाखवलं
आणि पाटीकडं एकदासुद्धा न बघता
गाडीत जाऊन बसला.

पुलापर्यंत तिचा खोकला येत होता.
मी मोजला नाही.