दोन तासांचा दिवस

वार्डोत नोव्हेंबरात
सूर्य दोन तासच कामावर असतो.
तेवढ्यात होडीला डांबर फासायचं,
दोरीवर गोठलेले कपडे काढायचे,
आणि भांडायचं असेल तर तेही.

सोलरून त्या उजेडात
दाराला पिवळा रंग देत होती,
एकोणचाळिसाव्या वर्षी,
डॉक्टरांनी महिने मोजून दिल्यावर.
"अगं, आता कशाला?" मी म्हटलं.
"दार आहे म्हणून," ती म्हणाली.

त्याच हिवाळ्यात मासळीच्या कारखान्यात
तेस्फालेमला काढायचं ठरलं.
वजनात फेरफार झाला होता
आणि परका तो एकटाच.
फोरमननं विचारलं, कोण कोण सहमत?
बावीस हात वर.
त्यातला एक माझा,
खवल्यांनी चिकट, पण वर.

सोलरूनचे दोन्ही हात मांडीवर.
भाषणबिषण काही केलं नाही तिनं.
"मी पाहिलं नाही," एवढंच,
"आणि तुम्हीही पाहिलेलं नाही."
मग थर्मास उघडून
पहिला कप त्याच्यापुढे सरकवला,
दुसरा फोरमनपुढे.

तो दुसरा कप
मला अजून उलगडलेला नाही.

तेस्फालेमला जावं लागलंच.
मार्चमध्ये, उजेड परतल्यावर, तीही गेली.
दार आता मी रंगवतो;
तिची छटा दुकानात मिळत नाही,
जी मिळते ती लावतो.

काल बैठकीत पुन्हा हात मागितले.
माझा खिशातच राहिला.
थरथरत होता.
थंडीनं नव्हे, खरं सांगतो.