पूर्वीचे नाव

विट्याच्या बाजारातून आणलेली नवी वही,
तीनशे पानी, लाल कापडी पुठ्ठ्याची.
जुनीला कसर लागली आहे.
पाळक म्हणाले, शमुवेलमामा, अक्षर तुमचं चांगलं,
एवढं उतरून द्या.

कारखान्यात बत्तीस वर्षं मी हजेरीच लिहिली.
कोण आला, कोण नाही.
इथं फक्त आलेल्यांची नावं.

रकाने चार:
तारीख. पूर्वीचे नाव. बाप्तिस्म्याचे नाव. शेरा.

भिवा खाली वाकला, बर्नबा होऊन उठला.
भागूची मार्था झाली, चूल तीच राहिली.
एका बाईला साहेबाने विचारलं, नाव काय?
म्हणाली, येसू.
तो म्हणाला, ते कळलं. पण तुझं?
शेऱ्यात नुसतं एक उद्गारचिन्ह.

एकोणिसाव्या पानावर मात्र
दोन्ही रकान्यांत एकच नाव.
धोंडी. धोंडी.
शेरा: बदलण्यास नकार. कारण ऐकले. मान्य.

कारण लिहिलेलं नाही.
ते आमच्या घरात तोंडी आलं आहे,
धोंडी माझ्या आज्याची आई.

तिच्या आधीची चार पोरं गेली.
म्हणून पाचवीला धोंडी म्हटलं,
उकिरड्यावर ठेवून परत उचललं,
मूठभर कोंड्याला विकत घेतलं,
म्हणजे मरणाने वाकून बघावं
आणि दगड समजून पुढं जावं.
मरण पुढं गेलं.
गावही तसंच पुढं गेलं,
विहिरीवर तिची सावली चालत नव्हती.

साहेब म्हणाला, रूथ घे, लीडिया घे.
ती म्हणाली, गेल्या रविवारी तुम्हीच सांगितलंत,
त्या कोळ्याचं नाव धन्याने दगड ठेवलं
आणि त्याच्यावर घर बांधतो म्हणाला.
मला तर ते आईनेच ठेवलंय.
धन्याला सांगा, दगड आयता आहे.

पाण्याचाही प्रश्न होता.
चैत्र. येरळा नुसती वाळूची.
साहेबाच्या छकड्यातली घागर वाटेत फुटलेली,
आणि गावच्या विहिरीचं तर बोलायलाच नको.
धोंडीने पदर खोचला, पात्रात कोपरभर खणलं,
झरा लागेपर्यंत बसून राहिली.
गढूळ खाली बसू दिलं. करवंटीने भरलं.
साहेबाच्या हातात दिलं: घाला.

स्वतःचा बाप्तिस्मा
स्वतः खणून काढणारी बाई
मी शास्त्रात शोधली. अजून सापडली नाही.

माझंच सांगतो.
देवळात मी शमुवेल, शाळेच्या दाखल्यावर सोपान.
मास्तर बापाला म्हणाले होते,
हे नाव लावलंत तर सवलत जाईल, बघा.
बापाने बघितलं.
एक नाव रविवारचं ठेवलं,
एक उरलेल्या सहा वारांचं.
पगार सोपानने घेतला, दशांश शमुवेलने दिला.
रात्री कधी हाक आल्यासारखी वाटते.
आम्ही दोघं उठून बसतो.

काल पुण्याहून लेकीचा फोन.
बाळाचा बाप्तिस्मा गावीच करायचा म्हणते,
नाव ठरलंय.
रेंज जात-येत होती.
मला ऐकू आलं, झरा.
नाही हो पप्पा, एज्रा. ए-ज्-रा.
मी म्हटलं, तेच म्हणतोय मी.

नव्या वहीत पेन्सिलीने लिहून ठेवलंय.
‘पूर्वीचे नाव’ कोरं सोडलं,
बारा दिवसांच्या पोराला कसलं आलंय पूर्वीचं?
मग कोरंही सोडवेना.
एक ठिपका दिला, खड्याएवढा.

शाई, पाणी पडल्यावर.