साडेदहाचा फोन

मी डॉक्टर नाही. परळच्या या इस्पितळात
तळघरात बसते, भटारखान्याला लागून,
आणि खाटा मोजते,
न बघता.

रात्री आठला वॉर्डांतून कागद यायचे:
साधं जेवण एकशे चाळीस, मऊ भात साठ,
बिनमिठाचं बावीस, नळीतून नऊ.
त्यावरून मी भायखळ्याला दुधी सांगायचे,
पहाटे चारला गोणी उतरायच्या,
गणू धुरी सहाला चिरायला बसायचा
आणि बाराला ताटं लिफ्टने वर जायची,
सोळा तासांपूर्वीच्या माणसांसाठी.

सोळा तासांत इस्पितळात काय होत नाही?
कोणी टाके काढून घरी जातं,
कोणाला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवतात,
कोणाला उलट्या, कोणाच्या पोटात पाणीही ठरत नाही,
कोणी मागच्या फाटकाने जातं.
ताट मात्र जायचं.
ताटाला कोण सांगणार?

दोनला ती परत यायची, झाकणासकट.
पहिल्यांदा मोजली त्या दिवशी एकतीस होती.
वरणावर साय धरलेली, पोळ्यांना घाम.
ड्रमपाशी सेल्वम वाट बघत उभा,
त्याची डुकरं तिकडे गोवंडीला.
'अन्न वाया घालवू नका' ही पाटी
त्याच ड्रमच्या बरोब्बर वर.
मी अकरा वर्षं ती वाचत होते
आणि खाली वजनाचा आकडा लिहीत होते.

मग चौथ्या मजल्यावरचे तांडेल आजोबा.
मऊ भात, बिनमिठाचं.
पहाटे सव्वातीनला गेले.
बाराला त्यांचं ताट गेलं, स्टुलावर ठेवलं गेलं,
रोजच्यासारखं.
त्यांची बायको चष्मा, पंचा, तपकिरीची डबी
पिशवीत भरत होती.
ते ताट घेऊन ती चार मजले उतरून खाली आली,
लिफ्ट सोडून, जिन्याने.
माझ्या टेबलावर ठेवलं.
म्हणाली, "तुमच्या कागदावर ते अजून जेवतात वाटतं."
रागाने नाही. जरा बरं वाटल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी फोन उचलला.
अकरा वॉर्ड. आत्ता कोण आहे? कोण खाणार?
गणू म्हणाला, "भात काय फोन बघून शिजतो?"
नाही शिजत. म्हणून दोन पातेली:
मोठं दहाला, खात्रीचं,
छोटं सव्वाअकराला, फोनवरचं.
माल कालच्या आकड्याने मागवायचा,
विळीवर आजच्या.
न चिरलेला दुधी चार दिवस थांबतो,
चिरलेला चार तास.
एवढंच कळायला मला अकरा वर्षं लागली,
आणि एक बाई जिन्याने यावी लागली.

चोवीस. एकोणीस. मग एकदा अठ्ठावीस,
कारण सहाव्या मजल्याचा फोन मेला होता
आणि मीही आळस केला.
आता सहा, कधी सात.

सेल्वम एक दिवसाआड येतो.
"बाई, तुमचं बरोबर," म्हणाला,
"पण माझ्या पोटाचं?"
मला उत्तर आलं नाही.
सालं, देठं, फ्लॉवरचा पाला
वेगळ्या पिंपात ठेवते त्याच्यासाठी.
तेवढ्याने त्याचं भागत नाही, मला माहीत आहे.

आणि पाध्ये सिस्टर.
त्यांच्या वॉर्डात माणसं बावीस असली
की त्या तेवीस सांगतात.
चोवीस असली की पंचवीस.
रोज. आवाज अजिबात न बदलता.
एकदा मी विचारणार होते.
तेवढ्यात त्यांच्या मागे
कोणाच्या तरी म्हाताऱ्या वडलांचा खोकला ऐकू आला,
खाटेखाली झोपणाऱ्याचा असतो, तसा
जमिनीलगतचा.

मी तेवीस लिहिलं.
ते ताट दोनला येतं
बोटांनी पुसलेलं,
आणि माझ्या वहीत
त्याच्यासाठी रकाना नाही.